मेल ‘गेला’ म्हणजे ‘पोचला’ नव्हे

वाङ्मय मंडळाच्या अंकात पायथनवर लेख कशाला, असं काही जणांना वाटेल. पण स्पर्धेची नोंदणी, फीची पावती, पासवर्ड बदलायची लिंक, कवितेची पोच हे सगळं आज मेलवर येतं. त्यातले बरेचसे मेल माणूस पाठवत नाही, एखादी वेबसाइट पाठवते. मेल आला नाही की आपण एकमेकांना एकच प्रश्न विचारतो, ‘स्पॅममध्ये बघितलंस का?’ त्या प्रश्नाच्या अलीकडे आणखी चार-पाच प्रश्न असतात. ते कोणते आणि कुठल्या क्रमाने विचारायचे, हे सांगण्यासाठी हा लेख. जे कॉम्प्युटर सायन्सला आहेत त्यांना तो उपयोगी पडावा, आणि जे मराठी किंवा इतिहास घेऊन बसलेत त्यांनाही कळावा, अशा बेताने लिहिते आहे. कोडातली नावं इथे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमनमध्येच लिहायची.

उदाहरण माझ्या गावचं, धारवाडच्या सुभाष रोडवरचं. जी. बी. जोशींनी १९३३ साली सुरू केलेल्या मनोहर ग्रंथमाला या कन्नड प्रकाशनसंस्थेचा ‘अट्टा’, म्हणजे माळा, याच रस्त्यावर आहे. रस्ता बाजाराचा, पण पुस्तकवाल्यांच्या ओळखीचा. इथल्याच एका छोट्या दुकानात कन्नडबरोबर मराठी पुस्तकंही मिळतात. दुकानाचं नाव सांगत नाही. मालकांना आम्ही सगळे काका म्हणतो. त्यांच्या भाच्याने जॅंगो वापरून दुकानाची वेबसाइट करून दिली आणि तो नोकरीसाठी परगावी गेला. बेळगाव, मिरज, सांगली, कोल्हापूरकडचे वाचक त्या साइटवर पुस्तकं मागवायचे, पैसे ऑनलाइन भरायचे, आणि पावती मेलवर यायची अशी योजना होती.

पावती येत नव्हती. ऑर्डर दिल्यावर पान दोन-दोन मिनिटं गरगर फिरत राहायचं आणि मग झळकायचं, ‘धन्यवाद, पावती मेलवर पाठवली आहे.’ मेल काही नाही. मिरजेच्या एका निवृत्त शिक्षकांनी पान फिरतंय म्हणून दुसऱ्यांदा बटण दाबलं. पैसे दोनदा गेले, पावती एकही नाही. त्यांनी फोन करून विचारलं, ‘दुकान खरं आहे ना?’ काकांना हे फार लागलं. चाळीस वर्षं गल्ल्यावर बसलेल्या माणसाला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मला म्हणाले, “मेल गेलाय म्हणतंय बघ हे. पण गिऱ्हाइकाकडं काय पोचत नाही. मग गेला तरी कुठं?”

प्रश्न अगदी नेमका होता. त्याचं उत्तर शोधायचं तर मेल कुठून कुठे जातो हे आधी माहीत हवं.

पोस्टाची पावती आणि पोचपावती

जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या जेएसएस कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. त्यांच्या पत्रांचे खंड आपल्यातल्या अनेकांनी वाचले असतील. ती पत्रं धारवाडहून कशी जात असतील? पेटीत पडली, पोस्टात छाप बसला, थैलीतून दुसऱ्या गावच्या पोस्टात गेली, तिथून पोस्टमनच्या पिशवीत, मग दारात. मेलचा प्रवासही असाच टप्प्याटप्प्यांचा आहे.

पहिला टप्पा: आपला प्रोग्राम एका मेल सर्व्हरशी बोलतो. हे आपलं गावचं पोस्ट. दुसरा टप्पा: तो सर्व्हर डीएनएस या इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीत बघतो की समोरच्या डोमेनचं पोस्ट कोणतं, आणि मेल त्याच्याकडे देतो. तिसरा टप्पा: समोरचं पोस्ट मेल तपासतं आणि ठरवतं, इनबॉक्समध्ये टाकायचा, स्पॅममध्ये टाकायचा की परत पाठवायचा.

या पोस्टांची आपसातली भाषा म्हणजे एसएमटीपी. जॉन पोस्टेल यांनी ती १९८२ साली लिहून काढली आणि तिचा गाभा आजही तोच आहे. संभाषण साधारण असं चालतं:

सर्व्हर: २२० (या, तयार आहे)
प्रोग्राम: एहलो (नमस्कार, मी अमुक)
सर्व्हर: २५० (ठीक)
प्रोग्राम: मेल फ्रॉम (पाठवणारा हा)
सर्व्हर: २५०
प्रोग्राम: आरसीपीटी टू (घेणारा हा)
सर्व्हर: २५०
प्रोग्राम: डेटा (आता मजकूर देतो)
सर्व्हर: ३५४ (द्या, शेवटी एका ओळीत फक्त टिंब द्या)
सर्व्हर: २५० (घेतला)

शेवटचं ते २५० नीट समजून घ्या. पूर्वी रजिस्टर पत्र टाकलं की खिडकीवर एक पावती मिळायची. पत्र पोचल्यावर सहीचं कार्ड परत यायचं, ती पोचपावती. २५० ही खिडकीवरची पावती आहे. ‘आम्ही घेतला’ एवढंच ती सांगते. पायथनचा प्रोग्राम ‘मेल पाठवला’ म्हणतो तेव्हा त्याला फक्त एवढंच माहीत असतं. काकांच्या दुकानात तर, पुढे कळलं, ही खिडकीवरची पावतीसुद्धा कधी मिळाली नव्हती.

पहिला प्रश्न: प्रोग्राम खरंच पाठवतोय का?

भाचा फोनवर सांगत होता, “माझ्या लॅपटॉपवर सगळं नीट चालायचं.” ते खरंच होतं, कारण लॅपटॉपवर जॅंगोला ‘कन्सोल बॅकएंड’ सांगून ठेवलेलं होतं. या व्यवस्थेत जॅंगो मेल पाठवतच नाही, फक्त टर्मिनलच्या पडद्यावर छापून दाखवतो. साइट तयार करताना ही सोय उत्तम आहे, चुकून कोणाला खोटे मेल जात नाहीत. पण त्यातून पाठवण्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. घरी आरशासमोर भाषण पाठ झालं म्हणजे सभागृहातला माइक चालतो असं होत नाही.

दुकानाच्या सर्व्हरवर खरा एसएमटीपी बॅकएंड होता. तिथे दुसरीच गंमत. मेल पाठवण्याच्या ओळीत ‘फेल सायलेंटली’ला ‘ट्रू’ दिलेलं होतं, म्हणजे जमलं नाही तर गप्प बस. मेल अडला तरी प्रोग्राम तक्रार न करता पुढे जायचा आणि ‘धन्यवाद’चं पान दाखवायचा. फ्लास्कमध्ये किंवा साध्या पायथनमध्येही हे दिसतं: ‘ट्राय’ लिहून खाली ‘एक्सेप्ट’मध्ये नुसता ‘पास’. मेल अडला म्हणून ऑर्डर अडू नये हा हेतू चांगला आहे. पण चूक निदान लॉगमध्ये लिहून ठेवायला हवी. आजाऱ्याचं कण्हणं बंद केलं म्हणजे आजार बरा होत नाही, डॉक्टरला कळायचं तेवढं बंद होतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे ही गप्प बसण्याची ओळ काढायची. जॅंगोमध्ये ‘मॅनेज डॉट पाय’बरोबर ‘सेंडटेस्टईमेल’ ही आज्ञा आहे, तिने साइट न उघडता एक चाचणी मेल पाठवता येतो. साध्या पायथनमध्ये एसएमटीपीलिबच्या जोडणीवर ‘सेट डीबगलेव्हल’ला १ दिलं की वर दिलेलं सगळं संभाषण पडद्यावर दिसतं. मेल कुठल्या वाक्यावर अडतोय हे तिथे समोर येतं.

दुसरा प्रश्न: पोस्टाचं दार उघडतंय का?

गप्प बसवणारी ओळ काढली, आणि दोन मिनिटांनी खरी चूक बाहेर आली: ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. पान फिरत राहायचं ते यामुळे.

इथे जोडणीच्या तीन चुका वेगवेगळ्या ओळखायला शिकलं पाहिजे, कारण तिन्हींचा अर्थ वेगळा आहे. ‘नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन’ किंवा ‘गेटॲड्रइन्फो फेल्ड’ आलं तर सर्व्हरचं नावच सापडत नाही. स्पेलिंग बघा, मागे-पुढे मोकळी जागा पडली आहे का बघा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर घर सापडलं, पण त्या दारात कोणी नाही. जॅंगोत ही चूक फार वेळा यासाठी येते की सेटिंग्ज वाचल्याच गेलेल्या नसतात. मग तो ठरलेल्या सवयीने ‘लोकलहोस्ट’वर, म्हणजे स्वतःच्याच यंत्रावर, पोस्ट शोधत बसतो. आणि ‘टाइम्ड आउट’ म्हणजे हाक मारली, पण ना हो, ना नाही. बहुतेक वेळा वाटेत कोणीतरी नाकाबंदी केलेली असते.

दारांचे नंबर, म्हणजे पोर्ट, तीन लक्षात ठेवायचे. २५ हे एका पोस्टाने दुसऱ्या पोस्टाशी बोलायचं दार. ५८७ हे तुमच्या-आमच्या प्रोग्रामने मेल द्यायचं दार. इथे आधी साधं बोलणं सुरू होतं आणि ‘स्टार्ट टीएलएस’ म्हटल्यावर ते गुप्त होतं. ४६५ हेही मेल द्यायचंच दार, पण इथे पहिल्या अक्षरापासून सगळं गुप्त.

स्पॅमवाल्यांमुळे अनेक क्लाउड कंपन्या आपल्या सर्व्हरवरून २५ नंबरचं दार बंद ठेवतात. काकांच्या सेटिंग्जमध्ये सर्व्हरचं नाव होतं, पण पोर्टच लिहिलेला नव्हता. जॅंगोमध्ये पोर्ट दिला नाही तर तो २५ धरतो. तेच दार बंद होतं. पोर्ट ५८७ केला, ‘यूज टीएलएस’ला ‘ट्रू’ दिलं, आणि ‘ईमेल टाइमआउट’ला १० सेकंद दिले, म्हणजे पुन्हा कधी अडलं तरी गिऱ्हाइकाला ताटकळावं लागणार नाही.

दार आणि गुप्ततेची पद्धत यांची जोडी चुकली तरी घोटाळा होतो. ४६५वर साधी जोडणी केली तर दोघंही एकमेकांची वाट बघत थांबतात. ५८७वर ‘एसएमटीपी एसएसएल’ वापरलं तर ‘राँग व्हर्जन नंबर’ अशी भलतीच वाटणारी चूक येते. तिचा पायथनच्या किंवा कुठल्याही आवृत्तीशी संबंध नसतो. जॅंगोत ‘यूज टीएलएस’ (५८७साठी) आणि ‘यूज एसएसएल’ (४६५साठी) यांतलं एकच ‘ट्रू’ ठेवायचं.

तिसरा प्रश्न: पोस्टमास्तर ओळखतो का?

दार उघडलं आणि पुढची चूक आली: ५३५. म्हणजे नाव किंवा पासवर्ड मान्य नाही. पासवर्ड तर बरोबर होता, त्याच पासवर्डने काका ब्राउझरमध्ये मेल बघत होते.

इथे बरेच जण चक्रावतात. माणसासाठी असलेला पासवर्ड आणि प्रोग्रामसाठी असलेला पासवर्ड आता बऱ्याच ठिकाणी वेगळा असतो. जीमेलने ३० मे २०२२पासून वैयक्तिक खात्यांवर नुसत्या नाव-पासवर्डाने बाहेरच्या प्रोग्रामना आत घेणं बंद केलं. तिथे आधी दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करायची, मग १६ अक्षरांचा ‘ॲप पासवर्ड’ मिळतो, तो प्रोग्रामला द्यायचा. काकांची मेलपेटी दुसऱ्या एका सेवेकडे होती, पण नियम तसाच होता. वेगळा पासवर्ड तयार केला आणि ५३५ गेलं.

जुन्या इंटरनेट लेखांत अजूनही ‘लेस सिक्युअर ॲप्स चालू करा’ असा सल्ला सापडतो. ते बटणच आता राहिलेलं नाही, शोधत बसू नका. आणि पासवर्ड कोडात लिहू नका. कोड गिटहबवर गेला की पासवर्डही जगजाहीर होतो. तो सर्व्हरच्या ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल’मध्ये ठेवायचा.

चौथा प्रश्न: पाकिटावरचं नाव खरं आहे का?

आता सर्व्हर २५० म्हणू लागला. काका खूश. पण दोन दिवसांत कळलं की काहींना पावती मिळते, काहींची स्पॅममध्ये जाते, आणि काही मेल ५५० असा आकडा घेऊन परत येतात. हे परत आलेले मेल दुकानाच्याच पेटीत पडले होते आणि ती पेटी कोणी उघडत नव्हतं. ज्या पत्त्यावरून मेल जातो ती पेटी कोणीतरी वाचलीच पाहिजे. काय बिघडलं हे बहुतेक वेळा तिथेच स्वच्छ लिहिलेलं असतं.

मूळ अडचण अशी की १९८२च्या एसएमटीपीत पाकिटावर कोणाचंही नाव लिहिता येतं. मी पाठवणाऱ्याच्या जागी तुमचं नाव घातलं तरी ती भाषा मला अडवत नाही. ही फट बुजवण्यासाठी नंतर तीन गोष्टी आल्या, आणि तिन्ही डोमेनच्या डीएनएस नोंदींत लिहायच्या असतात.

एसपीएफ म्हणजे आमच्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कुठल्या सर्व्हरना आहे त्याची यादी. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवरची डिजिटल मोहर. ती खरी की खोटी हे तपासायची किल्ली डीएनएसमध्ये उघड ठेवलेली असते. डीमार्क म्हणजे वाचकाला दिसणाऱ्या ‘फ्रॉम’ पत्त्याशी या दोन्हींपैकी एकही जुळलं नाही तर काय करायचं याची सूचना. फेब्रुवारी २०२४पासून जीमेल आणि याहूने हे नियम कडक केले. जीमेलला दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही गोष्टी लागतात. छोट्यांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांतलं एक तरी हवंच.

दुकानाच्या डोमेनवर एसपीएफच्या दोन नोंदी निघाल्या: एक जुन्या होस्टिंगची, दुसरी नव्या मेलसेवेची. वरवर बघता काय बिघडलं? पण नियम असा आहे की एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच असावी. दोन असल्या की तपासणारा दोन्ही बाद धरतो. नवी जागा जोडायची तर त्याच ओळीत जोडायची. दोन्हींची एक ओळ केली, मेलसेवेच्या पानावरून डीकेआयएम सुरू केलं, आणि डीमार्क सुरुवातीला ‘नन’ या सौम्य धोरणाने लावलं, म्हणजे काही अडवू नका, फक्त अहवाल पाठवा. मग स्वतःलाच एक मेल पाठवून जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडलं. तिघांसमोर ‘पास’ दिसलं.

याच वर्गातली आणखी एक चूक संपर्काच्या फॉर्ममध्ये सापडते. फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता ‘फ्रॉम’मध्ये घालून साइट मालकाला मेल पाठवते. म्हणजे आपला सर्व्हर दुसऱ्याच्या नावाने पत्र टाकतो, आणि ते अडवलं जातं. ‘फ्रॉम’ला नेहमी आपला पत्ता द्यायचा, भरणाऱ्याचा पत्ता ‘रिप्लाय टू’मध्ये.

आणि आपली देवनागरी?

मेलची मूळ भाषा इंग्रजी अक्षरांपुरती होती. १९९२ साली माइम आलं, तेव्हा इतर लिप्यांसाठी रीतसर वाट मिळाली. विषयाच्या ओळीतलं ‘पावती’ प्रवासात रोमन अक्षरांच्या सांकेतिक वेषात जातं आणि पोचल्यावर पुन्हा देवनागरी होतं. जॅंगो हे आपोआप करतो. साध्या पायथनमध्ये जुन्या पद्धतीने मजकुराची ओळ हाताने जोडून ‘सेंडमेल’ला दिली, तर ‘ॲस्की कोडेक कान्ट एन्कोड’ अशी चूक येते. त्याऐवजी ‘ईमेल मेसेज’ हा क्लास घ्या, ‘सेट कंटेंट’ने मजकूर भरा आणि ‘सेंड मेसेज’ने पाठवा. वेषांतर तो करतो. गिऱ्हाइकाने मराठी कीबोर्डवरून पत्त्यात 2च्या जागी देवनागरी २ टाइप केला असेल, तर मात्र तो पत्ता बहुतेक ठिकाणी चालणार नाही. फॉर्ममध्येच तपासून घ्या.

आकडे कसे वाचायचे

सर्व्हरच्या उत्तरातला पहिला आकडा पुरेसा बोलका असतो. २ म्हणजे झालं. ४ म्हणजे आत्ता नाही, थोड्या वेळाने या: पेटी भरली असेल, गर्दी असेल, किंवा अनोळखी पाहुण्याला मुद्दाम एकदा परत पाठवलं असेल. ५ म्हणजे नाही म्हणजे नाही. चारवर पुन्हा प्रयत्न करायचा. पाचवर प्रयत्न न करता कारण वाचायचं. पाचवर पुन्हा पुन्हा आपटत राहिलं तर आपलीच गणना स्पॅमवाल्यांत होते.

वही आधी, मेल नंतर

हे सगळं दुरुस्त झाल्यावर एक गोष्ट उरली आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. दुकानातल्या पावतीपुस्तकात कार्बन असतो. वरचा कागद गिऱ्हाइकाला, खालचा दुकानात. गिऱ्हाइकाचा कागद हरवला तरी व्यवहार हरवत नाही. वेबसाइटवरही तसंच हवं. ऑर्डर आधी डेटाबेसमध्ये लिहायची, मग पावती पानावरच दाखवायची, छापून घ्यायची सोय द्यायची, आणि मेल त्यानंतर मागच्या रांगेतून सावकाश पाठवायचा. मेलचं काम पानाच्या कामापासून वेगळं काढलं की गिऱ्हाइकाला थांबावं लागत नाही. बटण एकदा दाबलं की ते बंद करायचं, म्हणजे दुसऱ्यांदा पैसे जाणार नाहीत.

सुदैवाने ऑर्डरी डेटाबेसमध्ये होत्या. काकांनी यादी छापून घेतली आणि एकेकाला स्वतः फोन केला. मिरजेच्या सरांचे जादाचे पैसे परत गेले. नंतर त्यांनी आणखी पुस्तकं मागवली, पण मेलवर नव्हे, फोनवर. विश्वास परत यायला सर्व्हरपेक्षा जास्त वेळ लागतो.

आपल्या मंडळाच्या महोत्सवाची नोंदणी ज्यांच्याकडे असेल त्यांनी फॉर्म सुरू करण्याआधी अर्धा तास काढावा. जीमेल, याहू आणि कॉलेजचा पत्ता अशा तीन वेगळ्या ठिकाणी चाचणी मेल पाठवावा. नोंदणी क्रमांक पानावर दिसतो का बघावं. परत आलेल्या मेलांची पेटी रोज कोण उघडणार त्या व्यक्तीचं नाव ठरवावं. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० जणांपर्यंतच मेल जातात, तेव्हा शेवटच्या दिवशी सगळ्यांना एकदम निरोप पाठवायचा बेत असेल तर आधीच दोन दिवसांत वाटून घ्यावा. कविता पाठवून पोच न मिळालेली फर्स्ट इयरची मुलगी ५५० म्हणजे काय हे विचारायला येत नाही. आपली कविता कोणाला आवडली नाही, असं समजून ती गप्प बसते.